सांता पॉलाचे दोन जुने टोपो नकाशे, १९०३ आणि १९५१: कागद, प्रिंट, फ्रेम सगळ्याचा रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकते. नकाशांना पाचपैकी पाच, प्रिंटिंगला चार, फ्रेमिंगला तीन. आता सविस्तर.

कॅलिफोर्नियात व्हेंचुरा काउंटीमध्ये सांता पॉला नावाचं छोटं शहर आहे, सांता क्लारा नदीच्या काठी. खाली खोऱ्यात लिंबाचे, संत्र्याचे, अव्होकॅडोचे मळे आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांत तेलाच्या विहिरी. अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेने म्हणजे यूएसजीएसने या भागाचे वेगवेगळ्या काळात टोपोग्राफिक नकाशे काढले, त्यातले मी दोन निवडले, १९०३ चा आणि १९५१ चा, आणि फोर्टातल्या एका प्लॅन प्रिंटिंगवाल्याकडे छापून घेतले. एक संच आमच्या परळच्या घरी, दुसरा उरणला मामांकडे. मामा ओएनजीसीच्या उरण प्लांटमधून रिटायर झालेत आणि घरची भातशेती अजून स्वतः बघतात, त्यामुळे तेल आणि शेती एकाच कागदावर असलेला नकाशा त्यांनाच द्यायचा हे पहिल्यापासून डोक्यात होतं.

फाइल मिळवणं एकदम सोपं. यूएसजीएसची टोपोव्ह्यू नावाची साइट आहे, तिथे १८८४ पासून २००६ पर्यंतचे छापील नकाशे स्कॅन करून ठेवलेत, पावणेदोन लाखांहून जास्त, सगळे फुकट, लॉगिन नाही, कॉपीराइटची कटकट नाही. नाव टाकायचं, वर्षांची यादी येते, जिओपीडीएफ, जिओटिफ, जेपीजी, केएमझेड जे हवं ते उतरवून घ्यायचं. छापायचं असेल तर पीडीएफ घ्या, गूगल अर्थवर पसरून बघायचं असेल तर केएमझेड. एक गोष्ट मात्र नीट बघा, एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन-तीन फाइली दिसतात कारण तोच नकाशा पुढे अनेकदा पुन्हा छापला गेलाय आणि कधीकधी त्यात नंतरच्या दुरुस्त्या असतात. नकाशाचं वर्ष वेगळं आणि ती प्रत छापल्याचं वर्ष वेगळं. ज्या प्रतीत जांभळ्या रंगात रस्ते-घरं दिसतील ती नंतर हवाई फोटोंवरून सुधारलेली, तेव्हा मूळ १९५१ चं चित्र हवं असेल तर जांभळा नसलेली प्रत शोधा.

आता १९०३ चा नकाशा. स्केल १:६२,५००, म्हणजे साधारण एका इंचाला एक मैल. रंग फक्त तीन, काळा, निळा, तपकिरी. माणसाने केलेलं ते काळं, पाणी निळं आणि समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी. त्या काळी हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे आणि ते कोरीवकाम अक्षरांत दिसतं, डोंगरांची नावं, ओढ्यांची तिरकी अक्षरं, इतकं बारीक आणि इतकं स्वच्छ की भिंग घेऊन वाचत बसावंसं वाटतं. यात खोऱ्यातून जाणारा रेल्वेमार्ग आहे, सदर्न पॅसिफिकची लाइन इथे १८८७ साली आली. शहराला नगरपालिका मिळाली १९०२ साली, म्हणजे नकाशा छापला तेव्हा अगदी ताजंताजं. उत्तरेला सल्फर माउंटनची लांबलचक रांग आहे, जिथे १८६० च्या दशकात जोसाया स्टॅनफर्डने, स्टॅनफर्ड विद्यापीठ काढणाऱ्या लेलँड स्टॅनफर्डच्या भावाने, तेल मिळवायला डोंगरात आडवे बोगदे खणले होते, विहीर खणायची नाही, पंप नाही, तेल आपोआप उतारावरून बाहेर यावं म्हणून. नुसतं वाचलं असतं तर मला ते कळलं नसतं, पण इथे समोच्च रेषा एकमेकींना इतक्या खेटून आहेत, म्हणजे चढ इतका उभा आहे, की त्या उतारावर आडवा बोगदा का सुचला असेल ते लगेच लक्षात येतं. तेल तर तिथे हजारो वर्षांपासून घळींतून आपणहून पाझरतच होतं, तिथले मूळ रहिवासी चुमाश लोक त्याचं डांबर फळ्यांच्या होड्यांच्या सांध्यांत भरायचे.

डाव्या कडेला आजचं ओहाय आहे, पण त्याचं नाव तेव्हा नॉर्डहॉफ होतं, ते १९१७ साली बदललं. ते शोधत बसू नका, अगदी काठाला आहे.

या नकाशात एक कमी आहे आणि खरेदी करणाऱ्याने ती आधी माहीत करून घ्यावी. मळे दिसत नाहीत. हिरवा रंगच नाही ना. म्हणजे नेथन ब्लँचर्डने १८७० च्या दशकात गाव आखलं, संत्र्याची झाडं लावली, १९०३ पर्यंत खोऱ्यात बागा होत्या, पण कागदावर तिथे कोरी पांढरी जागा आहे आणि मधून रस्ते, ओढे. म्हणून हा एकटा घेतलात तर अर्धीच गोष्ट हातात येते.

१९५१ चा बघितला आणि मी अक्षरशः तासभर जेवायला उठले नाही. स्केल १:२४,०००, सगळं अडीचपट मोठं, रंग पाच. हिरवे ठिपके ओळीत मांडलेत ते फळबागांचे, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेत, ठिपक्यांच्या रांगा जिथे संपतात तिथून जमीन चढायला लागते आणि मग लगेच तपकिरी रेषांची गर्दी. दक्षिणेला साउथ माउंटन. शहर समुद्रसपाटीपासून साधारण २८० फुटांवर आणि हा डोंगर दोन हजार फुटांच्या वर, मधलं अंतर काही फार नाही. त्या डोंगरावर बारीक बारीक पोकळ गोल दिसतात, त्या तेलविहिरी. साउथ माउंटनचं तेलक्षेत्र सापडलं १९१६ साली, म्हणजे १९०३ च्या नकाशात तोच डोंगर रिकामा, आणि इथे विहिरींनी भरलेला. दोन नकाशे शेजारी ठेवून हा एक डोंगर बघा फक्त. पैसे तिथेच वसूल.

विहिरी डोंगराच्या वर आणि मळे खाली, ही वाटणी कोणी बसून केलेली नाही. डोंगरात खडकांचे थर दाबाने कमानीसारखे वर वाकलेत, तेल हलकं असल्यामुळे त्या कमानीच्या माथ्याकडे जाऊन अडकतं, म्हणून विहिरी रांगेच्या माथ्याला धरून. आणि खाली नदीने आणून टाकलेला गाळ, सपाट जमीन, पाणी, म्हणून लिंबं. भूगोलाच्या पुस्तकात दोन वेगळे धडे असतात, इथे एकाच नजरेत येतं आणि डोक्यात पक्कं बसतं. दहावीतल्या भाचीला दाखवलं, तिने स्वतःहून विचारलं की मावशी रस्ते असे आतड्यासारखे वळलेले का, मग आम्ही दोघींनी बोट ठेवून रस्ते धरले तर प्रत्येक रस्ता जाऊन विहिरीपाशीच संपतो.

आणखी एक. लाल रेषांच्या चौकटी बघा. अमेरिकेत जमिनीची मोजणी मैल-मैलाच्या चौकोनांत केलीय, ३६ चौकोनांचा एक टाउनशिप. डोंगरात ते चौकोन आहेत, पण शहर आणि मळे आहेत त्या खोऱ्यात नाहीत, कारण ती जमीन अमेरिकेचं राज्य यायच्या आधीच मेक्सिकन सरकारने मोठमोठ्या रांचोंमध्ये, म्हणजे जहागिरींसारख्या इनाम जमिनींत, देऊन टाकलेली, इथे रांचो सांता पॉला इ सातिकॉय. मोजणीवाल्यांनी रांचोच्या हद्दीपाशी चौकोन थांबवले. म्हणजे नुसत्या लाल रेषा कुठे सुरू होतात त्यावरून जमीन आधी कोणाच्या हातात गेली होती ते कळतं. सातबाऱ्याच्या देशातल्या माणसाला हे फार जवळचं वाटतं, मला तरी वाटलं.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र एका माणसाचा आहे, वॉलेस हार्डिसन. १७ ऑक्टोबर १८९० ला सांता पॉलात युनियन ऑइल कंपनी ऑफ कॅलिफोर्निया स्थापन झाली, लायमन स्टुअर्ट, थॉमस बार्ड आणि हा हार्डिसन, तिघांच्या कंपन्या एकत्र करून. पुढे तीच युनोकल झाली आणि २००५ साली शेवरॉनमध्ये गेली. तिची पहिली कचेरी मेन स्ट्रीटवर अजून उभी आहे, आता तिथे तेलाचं म्युझियम आहे. आणि तोच हार्डिसन १८९३ साली ब्लँचर्डबरोबर लिमोनेरा कंपनी काढतो, लिंबाच्या बागांची, जी आजही चालू आहे. तीन वर्षांच्या आत तेल आणि लिंबू दोन्ही. आपल्याकडे कायम तेल आलं की शेती गेली असंच ऐकत आलोय, आणि बऱ्याच ठिकाणी तसं झालंयही, पण या गावात पहिल्या दिवसापासून दोन्हीमागे तीच माणसं होती. १९५१ च्या शीटवर ठिपके आणि गोल इतके जवळजवळ दिसतात त्यामागे ही गोष्ट आहे, ती माहीत असली की नकाशा वेगळाच वाचला जातो.

नदीबद्दल पण लिहिते. सांता क्लारा नदीचं पात्र दोन्ही नकाशांत खूप रुंद आहे, बरंचसं वाळूचं, पाणी त्यात बारीक. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या जरा आधी, वरच्या बाजूला सॅन फ्रान्सिस्किटो घळीत लॉस एंजेलिस शहराने बांधलेलं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, शहराच्या पाणीखात्याचा मुख्य इंजिनिअर विल्यम मुलहोलंडच्या देखरेखीखाली बांधलेलं. पाणी या खोऱ्यातून थेट समुद्रापर्यंत गेलं, चारशेहून जास्त माणसं मेली. सांता पॉलात ते पहाटे पोचलं. तिथली टेलिफोन ऑपरेटर लुईस गाइप फोनवर फोन करत राहिली आणि थॉर्नटन एडवर्ड्स आणि स्टॅनली बेकर हे दोन मोटरसायकलवरचे पोलीस सखल भागात दारं वाजवत फिरले. १९५१ चा नकाशा घ्या आणि समोच्च रेषा बघत त्या रात्रीचा विचार करा, कुठल्या गल्लीतल्या माणसाने कुठल्या बाजूला पळायचं होतं ते रेषांवरून कळतं. २६ जुलै २००५ बघितलेल्या मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुरानंतर नदीकाठच्या जमिनीवर गावच्या शेतकऱ्यांनी विमानतळ उभा केला, १९३० साली, तोही १९५१ च्या शीटवर आहे, पात्राला अगदी चिकटून.

आता प्रिंटिंगबद्दल, कारण इथेच बहुतेक लोक फसतील.

हा नकाशा A2 वर बसत नाही. १९५१ च्या शीटचं नुसतं चित्र जवळपास ४८ बाय ५८ सेंटीमीटर आहे, वर चारी बाजूंची समास-पट्टी, म्हणजे A1 लागतो. दुकानात फाइल दिली की पहिलं काम काय करतात तर फिट टू पेज. माझ्या पहिल्या प्रिंटला तेच झालं, वर दुकानदार म्हणाला, “मॅडम, ही बाजूची पट्टी कापून टाकू का, फ्रेममध्ये छान दिसेल.” मी म्हटलं, “नको दादा, ती पट्टीच तर पाहिजे.” त्या पट्टीत सगळं असतं, स्केल, दोन समोच्च रेषांमधलं अंतर किती फूट, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला कोन, मोजणी कधी झाली, हवाई फोटो कधीचे, शेजारच्या शीटचं नाव काय. पट्टी कापलेला नकाशा म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल फाडून ठेवण्यासारखं. ऑनलाइन डेकोरच्या साइटवर असे जुने नकाशे विकायला असतात, त्यातले बरेच पट्टी कापलेले, वर सेपिया रंग फासलेला, जुना वाटावा म्हणून, ते प्लीज घेऊ नका, फाइल फुकट असताना तर अजिबात नको.

तपासायचं कसं, तर घरून स्टीलची पट्टी घेऊन जा. १:२४,००० वर एक मैल म्हणजे ६.७ सेंटीमीटर भरला पाहिजे. १:६२,५०० वर २.६ च्या किंचित आत. छापील स्केलच्या पट्टीवर ठेवून मोजा, जमलं तर शंभर टक्के साइजला छापलंय. नाही जमलं तर १:२४,००० हा आकडा त्या कागदावर खोटा पडतो, छापील स्केलची पट्टी मात्र तेव्हाही खरी राहते कारण ती नकाशाबरोबरच लहान होते. दुकानातला प्लॉटरवरचा मुलगा हुशार होता, मी मोजायला लागले तसं त्यालाच इंटरेस्ट आला, त्याने स्वतः सेटिंग बदलून दुसरी प्रिंट काढली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. म्हणून चार मार्क. एक मार्क यासाठी कापला की मशीनवर ऑटो कॉन्ट्रास्ट चालू राहिलं होतं आणि त्यामुळे पहिल्या कागदावर तपकिरी रेषा जवळजवळ काळ्या झाल्या, रस्ता कुठला आणि रेष कुठली कळेना. हे सांगून बंद करायला लावा.

कागद मॅटच घ्या. मी सँपल म्हणून एक तुकडा ग्लॉसीवर काढून बघितला, फळबागांचे हिरवे ठिपके एकमेकांत मिसळून डाग झाले. जाड मॅट कागदावर ठिपका न् ठिपका सुटा दिसतो. १९०३ चा A2 वर काठोकाठ बसतो, त्याला कॉन्ट्रास्टचा फार त्रास नाही, तीनच रंग. दोन्ही मिळून खर्च हजाराच्या आत, फ्रेम सोडून.

फ्रेमला तीन का, तर मुंबईची हवा. पहिल्याच पावसात १९५१ वाल्याच्या खालच्या कोपऱ्याला पोक आला, कारण फ्रेमवाल्याने कागद थेट काचेला टेकवून बसवला होता. मधे माउंट म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, काच आणि कागदामधे हवा खेळली पाहिजे, मागची प्लायवूड टेपने नीट बंद पाहिजे. ते परत करून घेतलं. लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि नकाशा वाचता येत नाही, आणि हा नकाशा जवळ जाऊन वाचायचाच आहे.

उरणचा संच मी फ्रेम न करता पीव्हीसी नळीत गुंडाळून नेला, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले तरी काही झालं नाही. मामांनी जेवणाचं टेबल रिकामं करायला लावलं, चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले आणि चष्मा काढून डोळे कागदाला लावले. “ही भरीव गोलं कसली गं?”

“टाक्या असतात मामा. पोकळ बारीक ते विहिरी.”

“म्हणजे टँक फार्म इथे खाली. बरोबर आहे, उतारानेच येणार ना.” मग बोट डोंगराच्या रस्त्यावरून फिरवत म्हणाले, “रिग वर चढवायची तर आधी रस्ता लागतो, आणि वर सपाट जागा करावी लागते. बघ, प्रत्येक विहिरीपाशी रेष जरा सुटी झालीय.” मी इतके दिवस बघत होते, मला ते दिसलं नव्हतं. बॉम्बे हायला १९७४ साली तेल लागलं तेव्हा मामा शाळेत होते, पुढे सगळी नोकरी प्लांटवर गेली, कुंपणाच्या एका बाजूला टाक्या आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मिठागरं. मामी म्हणाली आपल्या उरणचा असा एक काढून आण की, आधीचा आणि नंतरचा.

तर ते शोधलं. सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज नकाशे १:५०,००० वर ऑनलाइन मिळतात, चांगले आहेत, पण स्केल निम्म्याहून लहान, बांध-खाचर इतकं काही त्यात येत नाही. जुन्यांमध्ये अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसने काढलेली १:२,५०,००० ची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहे, मुंबईची शीट त्यात आहे, पण त्यात अख्खं उरण अंगठ्याएवढं. ज्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पाच जण गोळीबारात गेले, त्या जमिनी, ती खाचरं, ती मिठागरं १:२४,००० वर वर्षावर्षाने मांडलेली असती आणि कोणालाही घरबसल्या उतरवून घेता आली असती तर काय झालं असतं, असं मामा म्हणाले. मला पण हेच वाटतं आणि हे मी मनापासून लिहितेय, सांता पॉलासारख्या छोट्या गावाला स्वतःचा शंभर वर्षांचा कागद असा सहज मिळतो, तसा आपल्या प्रत्येक तालुक्याला मिळायला हवा, जुन्या शीटा स्कॅन करून, पट्टीसकट, फुकट.

कोणी घ्यावा? भूगोल शिकवणाऱ्यांनी नक्की, तेलाच्या किंवा शेतीच्या कामातल्या माणसाला रिटायरमेंटची भेट म्हणून नक्की, ट्रेकिंगवाल्यांना समोच्च रेषा वाचायची सवय करायला उत्तम. फक्त भिंत सजवायची असेल तर १९०३ चा, तो दिसायला जास्त देखणा आहे. एकच परवडणार असेल तर १९५१ चा. लहान मुलं घरात असतील तर फ्रेम जरा खाली लावा, त्यांना बोट ठेवता आलं पाहिजे.

१९५१ च्या शीटची एक अडचण राहते, शहर वरच्या कडेला आलंय, त्यामुळे उत्तरेकडच्या तेलाच्या घळी, ॲडम्स कॅन्यनचा वरचा भाग वगैरे, कागदाबाहेर जातात. त्यासाठी वरची शीट लागते, तिचं नाव सांता पॉला पीक. ती पुढच्या पगाराला छापायला टाकतेय, त्याच दुकानात, त्याच मुलाकडे.